श्रीनगर–लेह–मनाली बाइक टूर: फोनवर रोज विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्च उजाडला की हेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि लग्नाच्या पंगतीतही येतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

टूरचा मार्ग नेमका कसा आहे?

श्रीनगरहून निघायचं. सोनमर्ग, झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड), द्रास करत कारगिलला मुक्काम. दुसऱ्या दिवशी नमिका ला, फोटू ला, लामायुरू आणि निम्मूचा सिंधू–झंस्कार संगम पाहून लेह. लेहमध्ये विश्रांती, मग खार्दुंग ला ओलांडून नुब्रा, तिथून श्योक नदीच्या कडेकडेने पँगाँग, आणि चांग लावरून पुन्हा लेह. परतीला उपशी, तांगलांग ला, मोरे मैदान, पांग, गाटा लूप्स, सरचू, बारालाचा ला, जिस्पा, अटल बोगदा आणि मनाली.

मनालीहून चढून श्रीनगरला का उतरत नाही? चंदीगडहून मनाली तर जवळ पडतं.

जवळ पडतं, पण फुप्फुसांना महागात पडतं. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढं. पहिल्या दिवशी ३,५२८ मीटरची झोजी ला चढतो खरं, पण रात्री झोपायला कारगिलला, २,७०० मीटरच्याही खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड फोटू ला, ४,१०८ मीटर, आणि रात्री लेह, ३,५०० मीटर. चढायचं उंच आणि झोपायचं खाली, हा डोंगरातला जुना नियम आहे. या रस्त्याने तो आपोआप पाळला जातो.

मनालीकडून गेलं तर दुसऱ्याच रात्री बहुतेक गट सरचूला, सुमारे ४,३०० मीटरवर तंबूत पडतात. डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, बाहेर वारा सुटलाय आणि दोन्ही बाजूंना आणखी उंच खिंडी. आजारी माणसाला खाली न्यायचं तरी आधी वर चढावं लागतं. आम्हीही सरचूला थांबतो, पण परतीच्या वाटेवर. तोवर शरीर उंचीला सरावलेलं असतं. रस्ता तोच, तंबू तेच, पण रात्र वेगळीच जाते.

रोज फक्त दीडशे–दोनशे किलोमीटर? आम्ही तर पुणे–कोल्हापूर चार तासांत मारतो.

श्रीनगर ते कारगिल अंतर साधारण दोनशेच आहे, पण आख्खा दिवस जातो. झोजी लावर चिखल, एकेरी वाहतुकीच्या वेळा, लष्कराचे ताफे, दरडी काढणारी यंत्रं. जुलै–ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेची बालटालकडची वाहतूक असते, ती वेगळीच. किलोमीटर मोजून इथे काही कळत नाही, तास मोजा. शिवाय अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, यात आम्ही तडजोड करत नाही. रात्री हेडलाइटमध्ये डांबरावरचं पाणी आणि डांबरावरचा बर्फ सारखाच दिसतो.

उंचीचा त्रास होतोच का? मी रोज जिममध्ये जातो.

जिमचा आणि याचा संबंध थोडाच आहे. धडधाकट पंचविशीतला गडी आडवा होतो आणि साठीतले काका निवांत चहा पीत बसतात, हे दृश्य नवं नाही. उलट धडधाकट माणूस लेहला उतरल्या उतरल्या शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढतो आणि तिथेच फसतो.

साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. खार्दुंग ला त्याच्या जरासाच खाली. डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ, झोप न लागणं ही सौम्य लक्षणं बऱ्याच जणांना होतात आणि दोनेक दिवसांत निवळतात. तेवढ्या वेळात आणखी वर मात्र जायचं नाही. बसल्या जागी दम लागणं, छातीत घरघर, फेसाळ थुंकी, सरळ रेषेत चालता न येणं, बोलणं बरळल्यासारखं होणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठायला लागलं असं धरून माणसाला ताबडतोब खाली न्यायचं. सकाळपर्यंत वाट बघू, असं कुणी म्हणू नये. सिलिंडरमधला ऑक्सिजन खाली नेईपर्यंतचा टेकू आहे, तो देऊन माणसाला वरच ठेवायचं नसतं. लेहमध्ये सोनम नोरबू स्मृती रुग्णालयात अशा रुग्णांवर उपचार होतात.

आमचा लीड, म्हणजे ताफ्याच्या पुढे चालणारा रायडर, रोज सकाळ–संध्याकाळ प्रत्येकाचं बोट ऑक्सिमीटरमध्ये घालतो, पण आकड्यापेक्षा त्याचं लक्ष तुम्ही किती जेवलात याकडे असतं. लेहमध्ये आकडा ऐंशीच्या घरात दिसला तर घाबरू नका, तिथे तो बऱ्याच जणांचा तसाच असतो. त्रास होत असेल तर सांगा. लपवणारा माणूस आम्हाला सर्वांत अवघड जातो, आणि तो बहुतेक वेळा ‘मला काही होत नाही’ म्हणणाराच असतो.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यावी का?

घरच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर त्यांना ते आवर्जून सांगा. साधारणपणे चढाईच्या आदल्या दिवसापासून कमी मात्रेत सुरू करतात. गोळीने लघवी खूप होते, बोटांना मुंग्या येतात आणि सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी घेतली म्हणून पहिल्याच दिवशी खार्दुंग ला गाठायला मोकळे झालो, असा अर्थ मात्र काढू नका.

दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या काही रात्री पूर्ण बंद. विरळ हवेत झोपेत श्वास आधीच अडखळतो, त्यात ही भर नको. आणि थंडी वाजली म्हणून बंद तंबूत शेगडी पेटवायची नाही, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा.

लेहला दोन रात्री नुसतं बसून काय करायचं?

पहिल्या दिवशी काहीही नाही. पाणी प्या, थुकपा (नूडल्सचं सूप) प्या, बाजारात सावकाश चक्कर मारा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी थिकसे मठ बघा, हवं तर. त्याच दिवशी गाड्यांच्या चेन, ब्रेक, नटबोल्ट तपासतो. ‘एक दिवस वाचवू’ ही सूचना दर गटात कुणीतरी करतोच. उत्तर ठरलेलं आहे: नाही.

उमलिंग ला घ्या ना! जगातला सर्वांत उंच रस्ता आहे म्हणतात.

सीमा रस्ते संघटनेने बांधलेल्या या रस्त्याची उंची ५,७९८ मीटर. २०२१ मध्ये त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली, पण २०२५ मध्ये मिग लाचा रस्ता त्याहून उंच झाला. खार्दुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, खरी उंची १७,५८२ फूट भरते. तरी पाटीपुढे फोटोला रांग असतेच. या उंचीच्या आकड्यांची लोकांना फार ओढ आहे. उमलिंग लाला जायचं तर हानले भागात मुक्काम लागतो, मोठं रुग्णालय लांब पडतं आणि वेळापत्रक ताणलं जातं. पहिल्यांदा लडाखला येणाऱ्या गटाला आम्ही तिकडे नेत नाही. दुसऱ्यांदा याल तेव्हा बोलू.

कोणती गाडी लागते? माझी साडेतीनशे सीसीची बुलेट चालेल?

चालेल. लडाखमध्ये शंभर–सव्वाशे सीसीच्या गाड्याही रोज फिरतात, दूधवाले आणि शिक्षक त्याच चालवतात. इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे खार्दुंग लावर गाडीत निम्म्याहून थोडीच जास्त ताकद उरते. फ्युएल इंजेक्शनची गाडी विरळ हवेप्रमाणे पेट्रोल कमी करून घेते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या गुदमरतात, काळा धूर सोडतात, चढावर क्लच जाळून घेतात. तशी गाडी असेल तर क्लच प्लेट नवी घालून आणा आणि जुनी सोबत ठेवा.

वजन आणि सीटची उंची याकडे जास्त लक्ष द्या. गोट्यांवर थांबल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत आणि गाडी आडवी झाली तर ती दोघांनी उचलता आली पाहिजे. ४,५०० मीटरवर दोनशे किलोची गाडी उचलल्यावर पाच मिनिटं नुसतं धापा टाकत उभं राहावं लागतं.

स्वतःची गाडी आणू की भाड्याची घेऊ?

भाड्याच्या गाडीची एक मेख आधी समजून घ्या. श्रीनगर किंवा मनालीहून भाड्याने घेतलेली गाडी लेहपर्यंत येते. पण खार्दुंग ला, नुब्रा, पँगाँग या भागात बाहेरची भाड्याची गाडी फिरवू देत नाहीत. लेहच्या गाडीवाल्यांच्या संघटना हा नियम कडक राखतात आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे त्यांना लांबून दिसतात. म्हणून आमच्या टूरमध्ये भाड्याची गाडी घेणाऱ्यांना तेवढ्या फेरीसाठी लेहची गाडी देतो. ते टूरच्या पैशांतच धरलेलं असतं. वाद घालून बघू, असं म्हणणारे असतात. ते त्यांचं पोट आहे, तिथे वाद घालायचा नाही.

स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी सगळीकडे चालते, पण ती तुमच्याच नावावर हवी. वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. मित्राची गाडी शक्यतो नकोच, भाड्याची समजून अडवतात. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स हे मूळ कागद आणि फोनमध्ये प्रती, दोन्ही असू द्या.

गाडी तिकडे पोचवायची कशी?

बहुतेक जण रेल्वेने पाठवतात. पुण्याहून जम्मूसाठी झेलम एक्सप्रेस लोकांच्या तोंडात बसलेली आहे. पार्सल कार्यालयात गाडी द्यायच्या आधी टाकी रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. गोणपाटाचं पॅकिंग स्टेशनबाहेरचे लोक करून देतात. आरसे काढून बॅगेत ठेवा, हँडल आणि टाकीभोवती जास्तीचा थर मारून घ्या. बाइक तुमच्याच ट्रेनने येईल याची खात्री नसते, म्हणून तीन–चार दिवस आधी पाठवा.

मुंबईहून चालवत येणारेही असतात. चंदीगडपर्यंतच सतराशे किलोमीटरच्या आसपास होतात. हौस असेल तर जरूर या, पण श्रीनगरला पोचेपर्यंत अंगातली रग संपलेली नको.

नाले ओलांडायचे कसे? व्हिडिओ बघून पोटात गोळा येतो.

बर्फ दिवसभर वितळतो, म्हणून नाल्याला सकाळी पाणी कमी आणि दुपारनंतर जास्त. आम्ही भल्या पहाटे निघतो ते यासाठीच. बारालाचा लाच्या पट्ट्यात सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत येतं.

नाल्याशी पोचल्यावर आधी थांबा आणि पुढची गाडी कुठून जाते, कुठे बुडते ते बघा. पहिला गिअर. पाय फुटरेस्टवर, जमत असेल तर जरा उभं राहून गुडघ्यांनी टाकी धरायची. नजर पलीकडच्या काठावर. चाकापुढच्या पाण्याकडे बघितलंत की हँडल तिकडेच वळतं. अॅक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा आणि मध्ये सोडायचा नाही, कारण सोडला की सायलेन्सरमध्ये पाणी शिरतं. तळाला नारळाएवढे गुळगुळीत गोटे असतात, पुढचं चाक त्यांवरून इकडे तिकडे घसरणारच. हँडल घट्ट आवळून त्याच्याशी भांडू नका, हात सैल ठेवले की गाडी आपली वाट काढते. पुढचा ब्रेक विसरा.

पाण्यात गाडी पडून बंद पडली तर बटन दाबून सुरू करायचा मोह आवरा. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली बंद करायची, गाडी ढकलत बाहेर काढायची, मग मेकॅनिक प्लग खोलून पाणी काढतो. स्वीप रायडर (ताफ्यात सर्वांत मागे चालणारा) आणि मदतनीस नाल्याच्या दोन्ही काठांना गमबूट घालून उभे असतात. धीर होत नसेल तर तुमची गाडी ते पलीकडे नेतील. तुम्ही चालत या, त्यात कमीपणा कसला?

पेट्रोलचं काय?

लेहकडून निघाल्यावर कारूला टाक्या फुल. त्यानंतर भरवशाचा पंप थेट हिमाचलातल्या टांडीला. टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी त्यामुळेच प्रसिद्ध झाली. तेरा लिटरची टाकी एरवी पुरली असती, पण चढ, विरळ हवा आणि सतत पहिला–दुसरा गिअर यांमुळे अॅव्हरेज कोसळतं. बॅकअप गाडीत जादा पेट्रोल असतं. नुब्रात दिस्कितला पंप आहे, पण आम्ही निव्वळ त्याच्यावर विसंबत नाही.

पंक्चर, बिघाड झाला तर?

ताफ्याच्या मागे बॅकअप गाडी आणि तीत मेकॅनिक असतो. ट्यूब, क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबल, ब्रेक–क्लच लिव्हर, प्लग, ब्रेक पॅड हे नेहमीचं सामान आमच्याकडे असतं. तुमची गाडी जरा वेगळी किंवा परदेशी बनावटीची असेल तर तिचे सुटे भाग तुम्हीच आणायचे, ते लेहमध्ये मिळतील असं धरून चालू नका. गाडी उभी ठेवण्याजोगी मोडली तर ती टेम्पोत चढते आणि तुम्ही बॅकअप गाडीत बसता.

ताफ्यात चालायचे नियम काय?

लीडच्या पुढे जायचं नाही, स्वीपच्या मागे राहायचं नाही. आरशात मागचा दिसेनासा झाला की थांबायचं. फाटा आला तर मागचा येऊन तुम्हाला पाहीपर्यंत वळायचं नाही. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, वरंध्याच्या घाटात देतो तशीच. लष्कराचा ताफा आला की बाजूला घेऊन पूर्ण जाऊ द्यायचा, मध्ये घुसायचं नाही. पूल आणि लष्करी ठाण्यांचे फोटो काढायचे नाहीत. ड्रोन घरीच ठेवा.

फोन लागतो का?

बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू–काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघण्याआधी बदलून घ्या. पांग–सरचूच्या पट्ट्यात त्याचाही भरवसा नाही. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन नाही आला तर पोलिसांत जाऊ नका. हे सांगितलं नाही की घरचे आमच्या कार्यालयाचा फोन खणखणत ठेवतात.

बायका येतात का? मागे बसून आलं तर चालेल?

येतात, स्वतः चालवतही येतात. पडद्यापाठीमागचा प्रश्न असतो तो स्वच्छतागृहांचा, म्हणून उघड सांगतो: मुक्कामाच्या ठिकाणी सोय असते, वाटेतल्या धाब्यांवर जेमतेम, आणि मोरे मैदानासारख्या ठिकाणी आडोसाही नाही. तिथे बॅकअप गाडी आडवी लावतो. म्हणून पाणी कमी पिऊ नका, उंचीवर ते फार महागात पडतं. पाळीचं सगळं सामान आणि कचऱ्यासाठी घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या घरूनच आणा.

मागे बसणाऱ्याला चालवणाऱ्यापेक्षा जास्त धक्के बसतात. दोघांचं आणि सामानाचं वजन धरून गाडी निवडा. नाल्यांत मागच्या व्यक्तीने उतरायचं.

जेवण शाकाहारी मिळतं का?

भरपूर. धाब्यांवर राजमा–भात, डाळ–भात, मॅगी, आम्लेट, लेहमध्ये थुकपा, मोमो, स्क्यू. जैन जेवण लेहपलीकडे अवघड. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, लेहमध्ये ८८ अंशांच्या आसपास, म्हणून डाळ–तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत आणि कधीकधी भात कचकचीत लागतो. भूक मरते तेव्हा घरची चव कामाला येते: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू जरूर आणा. लडाखी लोण्याचा गुरगुर चहा खारट असतो. आवडला नाही तर अर्धा पेला तसाच ठेवा, रिकामा केलात की ते पुन्हा भरतात.

कोणता महिना चांगला?

सप्टेंबर. जूनमध्ये खिंडींत बर्फाच्या भिंती दिसतात, पण रस्ता कच्चा आणि नाले जोरात. जुलै–ऑगस्टमध्ये लडाख पर्जन्यछायेत असलं तरी हिमाचलात मनालीच्या बाजूला दरडी कोसळतात. लडाखमध्येही ढगफुटी होऊ शकते, ऑगस्ट २०१० मध्ये लेहने ती पाहिली आहे. सप्टेंबरात आकाश निळंभोर, पाणी ओसरलेलं आणि रात्री मात्र पँगाँग–सरचूला पारा शून्याच्या खाली.

वाटेत थांबून काय बघतो?

द्रासचं कारगिल युद्ध स्मारक, समोर तोलोलिंग. तिथे घाई करत नाही. नुब्रातलं तुर्तुक गाव १९७१ पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं, वेळ असेल तर तिथवर जातो. पँगाँगच्या काठी डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. आपल्या गटांना तिथे फोटो हवाच असतो आणि आम्ही तेवढा वेळ धरूनच चालतो. घोषणा एखादीच द्या, ४,२०० मीटरवर तीन दिल्या की दम लागतो. मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी भिंतींवर बसायचं नाही, त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

विमा काढावा का?

काढाच. पण पॉलिसी वाचून. काहींमध्ये ठरावीक उंचीपलीकडचा किंवा मोठ्या सीसीच्या दुचाकीवरचा अपघात धरत नाहीत.

रस्ता बंद झाला तर? पैसे परत मिळतात का?

दरड कोसळली, बर्फ पडला, प्रशासनाने वाहतूक थांबवली तर आम्हीही थांबतो. वेळापत्रकात एक दिवस मोकळा धरलेला आहे. त्याहून जास्त अडकलो तर एखादं ठिकाण कापतो, बहुतेक वेळा पँगाँग. त्याचा राहण्या–जेवणाचा खर्च वाचला तर तो परत देतो. रस्त्यामुळे चुकलेल्या विमानाचे पैसे देत नाही. म्हणून मनालीला पोचायच्या दुसऱ्याच दिवसाचं विमान काढू नका, मध्ये एक दिवस ठेवा. सगळं सुरळीत झालं आणि तो दिवस उरलाच, तर वशिष्ठच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसा. कंबर दुखतच असेल.